आशीर्वादाची तार आणि अनामिक कातिब : इंटरनेटवरील मांडणशिल्पे व लोकप्रिय संस्कृती

प्रस्तावना

आमच्या उर्दूच्या वर्गात दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. एखादा विद्यार्थी मोबाइलवर आलेले चित्र पुढे करतो. मावळता सूर्य, गुलाबाच्या दोन पाकळ्या, कोपऱ्यात जळती मेणबत्ती, मधोमध दोन ओळी आणि खाली गालिबचे नाव. 'सर, हा शेर कोणत्या गझलेतला?' तो शेर गालिबचा नसतो. बहुधा तो वृत्तातही बसत नाही. पूर्वी प्रस्तुत लेखक असे चित्र बाजूला सारून दिवानाकडे वळत असे. अलीकडे मात्र वेगळा प्रश्न पडू लागला आहे. हे चित्र कोणी केले, त्याला गालिबचेच नाव का लागले, आणि हजारो हातांतून ते कशाच्या बळावर फिरते?

शेर चित्र बनून का फिरतो, याचे एक कारण तांत्रिकही आहे. नस्तालीक लिपी संगणकावर सुलभपणे उमटण्यास बराच काळ लागला. कित्येक वर्षे उर्दू मजकूर 'इनपेज'मध्ये जुळवून त्याचे चित्र करावे लागे व ते चित्र इंटरनेटवर चढवावे लागे. म्हणजे उर्दू इंटरनेटवर आली ती प्रथम चित्राच्या रूपाने. भाषेच्या अध्यापकाने कलेच्या प्रांतात पाऊल टाकण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

प्रस्तुत लेखात इंटरनेटचा उपयोग करून लोकप्रिय संस्कृतीचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या काही कलाकृतींचा विचार केला आहे. मुंबईच्या शिल्पा गुप्ता (जन्म १९७६) यांच्या कृती केंद्रस्थानी असून बडोद्याचे ज्येष्ठ चित्रकार गुलाममोहम्मद शेख (जन्म १९३७) यांच्या कामाशी त्यांची तुलना केली आहे. छायाचित्रे, ध्वनिचित्रफिती व लिखित वर्णने हा या अभ्यासाचा आधार आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

'मांडणशिल्प' म्हणजे एखाद्या जागेत वस्तू, ध्वनी, प्रकाश, चित्रफीत यांची अशी मांडणी की प्रेक्षकाने तिच्यात शिरून अनुभव घ्यावा. इंटरनेट जोडले गेले की या मांडणीला भिंती उरत नाहीत. दूरचा माणूसही तिचा भाग होतो. याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे मार्क हॅन्सन व बेन रुबिन या अमेरिकन जोडीचे 'लिसनिंग पोस्ट'. एकविसाव्या शतकाच्या आरंभी साकारलेल्या या कृतीत इंटरनेटवरील गप्पांच्या खोल्यांमधून अनोळखी माणसांची वाक्ये गोळा होत, दोनशेहून अधिक छोट्या पडद्यांवर सरकत आणि यंत्राच्या आवाजात वाचली जात. नाक्यावरच्या गप्पांना प्रार्थनास्थळाची गंभीरता यावी, तसा हा प्रकार.

येथे 'लोकसंस्कृती' व 'लोकप्रिय संस्कृती' यांत फरक करणे अगत्याचे आहे. ओवी, भोंडला, कव्वाली ही लोकांनी घडवलेली संस्कृती होय. सिनेमाचे पोस्टर, शुभेच्छापत्र, कॅलेंडर ही बाजाराने घडवलेली आणि लोकांनी आपलीशी केलेली. दुसऱ्या प्रकाराकडे अभ्यासक नाक मुरडून पाहतात. परंतु लोक एखादी वस्तू 'आपलीशी' करतात म्हणजे नेमके काय करतात, हाच या लेखाचा कळीचा मुद्दा आहे.

बडोद्याची पार्श्वभूमी

यंत्र आणि चित्र यांचे नाते बडोद्याच्या वाचकाला नवे नाही. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी पुराणप्रसंगांची चित्रे रंगवली. त्या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात ही सूचना बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांची. पुढे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मांचा छापखाना निघाला आणि राजवाड्यातील लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या खोलीत पोहोचल्या. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनीही रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट आणला.

छापील चित्र घरी आल्यावर लोकांनी काय केले? बायकांनी लक्ष्मीच्या साडीला जर व टिकल्या चिकटवल्या, कपाळाला कुंकू लावले. मुसलमान घरांत काबा व मदिना यांच्या छापील तसबिरी आल्या, अजमेरच्या दर्ग्याची कॅलेंडरे आली. त्यांना चौकट झाली, हार पडला, सणाला त्यांच्यावरची धूळ पुसली गेली. एकाच साच्यातून निघालेल्या हजार प्रती हजार घरांत हजार तऱ्हांनी वेगळ्या झाल्या. यंत्राने एकसारखे केलेले माणूस पुन्हा आपल्यापुरते वेगळे करून घेतो. हा धडा बडोद्याने शतकभरापूर्वी गिरवला आहे, आणि इंटरनेटवरील कृती तपासताना तोच कसोटी म्हणून उपयोगी पडतो.

प्रेमपत्राचा कातिब

शिल्पा गुप्ता यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकलेचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशा संपल्यावर लवकरच त्या इंटरनेटकडे वळल्या. २००० मध्ये त्यांनी हिऱ्यांच्या दुकानाचे रूप घेतलेले संकेतस्थळ केले. हिऱ्याच्या झळाळीमागील रक्ताचा व्यापार हा त्याचा विषय. सुरतेचे हिरे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्याची धार वेगळी सांगावी लागत नाही.

२००१ च्या 'सेंटिमेंट एक्सप्रेस'मध्ये प्रेक्षक आपले प्रेमपत्र तोंडी सांगतो. ते शब्द इंटरनेटवरून भारतात पोहोचतात, येथे कोणीतरी ते हाताने कागदावर उतरवतो आणि पत्र टपालाने इच्छित व्यक्तीकडे जाते. त्या काळी परदेशी बँकांची व कंपन्यांची कामे भारतातील कॉल सेंटरांकडे येऊ लागली होती. हिशेब येथे होतात, तर मग प्रेमही येथेच का लिहून घेऊ नये, असा हा उपरोध. पत्रात दुकानातल्या शुभेच्छापत्रांची गोडी आहे, सिनेमातल्या प्रेमपत्रांचा सुवास आहे.

उर्दूच्या वाचकाला मात्र या कृतीत आणखी काही दिसते. गझलेच्या दुनियेत पत्र घेऊन जाणारा कासिद हा महत्त्वाचा इसम आहे. त्याच्यावर भरवसा नसतो. तो वाटेत पत्र उघडील, कदाचित स्वतःच माशूकच्या प्रेमात पडेल, अशी आशिकला धास्ती असते. टपाल कचेरीबाहेर बसून निरक्षरांची पत्रे लिहून देणारा मुन्शीही याच घराण्यातला. गावाकडच्या बायकोला मुंबईतला गिरणी कामगार जे सांगू पाही, ते आधी मुन्शीच्या कानावर पडे. तिसऱ्या माणसाशिवाय प्रेमाचा निरोप जात नाही, हे आपल्या काव्याने व टपाल कचेरीच्या पायरीने आधीच ओळखले होते. इंटरनेटने तो तिसरा माणूस नाहीसा केल्याचा भास निर्माण केला. 'सेंटिमेंट एक्सप्रेस' त्याला पुन्हा जागेवर बसवते, हे तिचे मोठे यश.

उणीव एकच आहे. या कातिबला नाव नाही. अक्षर त्याचे, सही दुसऱ्याची. कासिदला निदान शिव्या तरी मिळत. येथे त्याचा उल्लेखही होत नाही. कृतीचा विषय हाच आहे असे समर्थन करता येईल. तरीही ज्या श्रमाकडे बोट दाखवायचे, तो श्रम करणाराच पडद्याआड राहतो, ही खंत उरते.

आशीर्वादाची तार

२००३ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने इंटरनेटसाठी म्हणून एक कृती शिल्पा गुप्ता यांच्याकडून करून घेतली. तिचे नाव 'ब्लेस्ड बँडविड्थ'. गुप्ता यांनी संगणकाची जोडतार वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेली व तिच्यावर आशीर्वाद घेतला. संकेतस्थळावर येणाऱ्याने आपला धर्म निवडायचा आणि त्या पवित्र झालेल्या तारेतून आशीर्वाद मिळवायचा.

पहिल्या वाचनात ही कृती श्रद्धेच्या बाजारावरील टीका वाटते. परदेशातील प्रेक्षकाला तारेवर आशीर्वाद घेण्याचा प्रकार विनोदी वाटला असेल. बडोद्याच्या मांडवी परिसरातील दुकानदाराला तो तसा वाटणार नाही. येथे दिवाळीला चोपडापूजन होते आणि हल्ली चोपड्याशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. नवी रिक्षा घेणारा तिला आधी दर्ग्यावर नेतो. परीक्षेला निघालेली मुलगी कलमावर दुआ पढून घेते. ज्या वस्तूवर पोट अवलंबून आहे तिच्यासाठी खैर मागणे, एवढाच याचा अर्थ. रविवर्म्याच्या लक्ष्मीला टिकली लावणारा हात आणि तार दर्ग्यावर नेणारा हात एकाच वळणाचे आहेत. त्यामुळे कृतीतला उपरोध आपल्याकडे निम्मा गळून पडतो. माझ्या मते त्यात कृतीचे नुकसान नाही. उपरोध गळाल्यावर तिच्यातली साधी आशा वर येते, आणि ती अधिक टिकाऊ आहे.

खरा आक्षेप दुसरीकडे आहे. पडद्यावर विचारले जाते : तुमचा धर्म निवडा. भाषा निवडावी, रंग निवडावा, तसा एक कळ दाबण्याचा हा व्यवहार. आता साल लक्षात घ्यावे. २००३ च्या आदल्याच वर्षी गुजरातच्या रस्त्यांवर हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि तेथे उत्तर निवडण्याची मुभा नव्हती. कोणाचे नाव, कोणाची दाढी, कोणाच्या दुकानावरची पाटी हीच उत्तरे ठरली होती. बडोद्याच्या वाचकाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही. अशा वेळी धर्म हा यादीतला पर्याय म्हणून समोर येतो, तेव्हा आपल्या बोटाला क्षणभर थांबावेसे वाटते. कृतीला हे थांबणे अभिप्रेत होते काय? केवळ 'ब्लेस्ड बँडविड्थ'कडे पाहून तसे म्हणता येत नाही. कृती हलकी आहे आणि प्रश्न जड आहे.

परंतु याच सुमारास (२००२-०४) गुप्ता यांनी 'ब्लेम' ही कृती केली. तीत कृत्रिम रक्ताच्या लहान बाटल्या होत्या. धर्म किंवा राष्ट्र यांसारख्या, माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी त्यालाच दोषी धरण्यातले सुख, अशा आशयाची चिठ्ठी बाटलीवर होती. या बाटल्या घेऊन त्या मुंबईच्या लोकल गाडीत प्रवाशांपुढे गेल्या. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की चित्र पालटते. एकीत धर्म निवडता येतो, दुसरीत तो जन्माने कपाळी आलेला असतो. पडद्यावरचे स्वातंत्र्य आणि डब्यातली कोंडी यांतले अंतर दाखवणे हा या जोडीचा अर्थ आहे. 'ब्लेस्ड बँडविड्थ' एकटी वाचली तर गंमत, 'ब्लेम'सह वाचली तर साक्ष. समीक्षकाने ती एकटी वाचू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. धार्मिक प्रतीकांच्या कलेतील उपयोगाबद्दल आक्षेप नोंदवणे आणि त्यासाठी पोलिसांत जाणे यांत महदंतर आहे. मे २००७ मध्ये बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत वार्षिक परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांतील धार्मिक प्रतिमांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. कृती मला रुचली की नाही, हे सांगण्याची जागा असा लेख आहे, वर्ग आहे, चर्चा आहे. ज्या समाजाने स्वतः संशयाचे ओझे वाहिले आहे, त्याने हा फरक इतरांपेक्षा अधिक जपला पाहिजे.

आर-पार

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग मात्र साधासुधा आहे. शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानातील कलावंत हुमा मुलजी यांनी २००० पासून 'आर-पार' हा उपक्रम चालवला. मुंबई व कराची या दोन शहरांतील सार्वजनिक जागांत एकमेकांकडच्या कलावंतांची कामे ठेवणे, हा त्याचा गाभा. २००२ च्या फेरीत कलावंतांनी चित्रे ईमेलने सीमेपलीकडे पाठवली. तिकडे ती पोस्टर म्हणून छापली गेली आणि सामान्य माणसांच्या हाती व नजरेस पडतील अशा रीतीने शहरात पसरवली गेली.

काळ कोणता होता? संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्ही देशांतील रेल्वे, बस व विमान वाहतूक थांबली होती. सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या. ज्यांच्या मावश्या-आत्या कराचीत आहेत, अशा घरांना त्या दिवसांचा अर्थ ठाऊक आहे. माणूस जाऊ शकत नव्हता, पेटी जाऊ शकत नव्हती, चित्र मात्र गेले. पलीकडच्या छापखान्यातल्या कामगाराने ते छापले. यात कातिब पुन्हा भेटतो.

या प्रयोगात इंटरनेटचा डामडौल नाही. ना चमकता पडदा, ना कळ दाबण्याचा खेळ. तार केवळ वाट म्हणून वापरली आणि शेवटी कला पोस्टरच्या, म्हणजे लोकप्रिय संस्कृतीच्या सर्वांत स्वस्त रूपात उतरली. ज्याच्या घरी संगणक नव्हता तोही तिचा प्रेक्षक झाला. त्या काळी बडोद्यात आपल्यापैकी बहुतेकांना इंटरनेट सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने मिळे, हे आठवले की या निर्णयाचे महत्त्व कळते. लोकप्रिय संस्कृतीवर बोलणारी कला लोकांपर्यंत पोहोचते का, या प्रश्नाला 'आर-पार'ने दिलेले उत्तर समाधानकारक आहे.

शेखांचा नकाशा

गुलाममोहम्मद शेख यांनी बडोद्यात चित्रकला शिकवली, येथेच राहून चित्रे काढली आणि गुजरातीत कविता लिहिली. 'सिटी फॉर सेल' (१९८१-८४) या त्यांच्या भव्य चित्रात हेच शहर आहे. भाजीवाली आहे, दंगल आहे आणि मधोमध 'सिलसिला' हा चित्रपटही चालू आहे. आग आणि सिनेमा एकाच वेळी, एकाच शहरात.

पुढे शेखांनी संगणकावर चित्रे जुळवण्यास आरंभ केला. त्यांच्या 'मापामुंडी' मालिकेचे मूळ एका छापील पोस्टकार्डात आहे. त्यावर जर्मनीतील एब्स्टोर्फचा मध्ययुगीन जगाचा नकाशा होता. मूळ नकाशा १९४३ च्या बाँबफेकीत जळून गेला. उरल्या त्या केवळ प्रतिकृती. शेखांनी त्या प्रतिकृतीत कबीर, मजनू, सुवर्णमृगामागे धावणारा राम, मेरी मॅग्डलीन यांना वसवले. निरनिराळ्या परंपरांची माणसे एकाच जगात शेजारी झाली.

इंटरनेटवर सारी चित्रे शेजारीच असतात, हे खरे. पण तेथील शेजार योगायोगाचा आहे. शेखांचा शेजार विचारपूर्वक वसवलेला मोहल्ला आहे. कोण कोणाच्या दारासमोर राहील, हे त्यांनी ठरवले आहे. गुप्ता यांच्या संकेतस्थळावर पाहुणा धर्म निवडतो आणि एका खोलीत शिरतो. शेखांच्या नकाशात त्याला सर्वांच्या अंगणांतून जावे लागते. मला दुसरी रीत अधिक पटते. मात्र शेखांची चित्रे दालनात राहतात, गुप्ता लोकलच्या डब्यात शिरतात, हेही तितकेच खरे.

टिकाऊपणाचा प्रश्न

इंटरनेटवरील कला टिकणार कशी? ज्या मोफत जागेवर जगभरच्या हौशी लोकांनी आपली पाने थाटली होती ती जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली. ज्या फ्लॅश तंत्रावर त्या काळच्या असंख्य हलत्या कृती उभ्या होत्या, त्याचा आधार २०२० च्या अखेरीस काढून घेतला गेला. कागदाला वाळवी लागण्यास वर्षे लागतात. येथे एका निर्णयाने वस्तीच उठते.

वस्त्या उठणे आणि खुणा पुसल्या जाणे आपल्याला अपरिचित नाही. २००२ मध्ये अहमदाबादेतील वली गुजरातीची मजार जमीनदोस्त होऊन तेथे रस्ता झाला. बडोद्यात दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांच्या मजारीची मोडतोड झाली. खाँसाहेबांचा आवाज मात्र जुन्या तबकड्यांवरून इंटरनेटवर आला आहे आणि कोणीही तो ऐकू शकतो. दगड राहिला नाही तेथे तार उपयोगी पडली. उद्या तार तुटली तर काय, याचे उत्तर आपल्यालाच शोधायचे आहे.

उर्दू परंपरेत ते उत्तर आहे. त्याचे नाव तजकिरा. ज्या शायरांचे दिवान हरवले, त्यांची नावे, स्वभाव व दोनचार शेर तजकिऱ्यांनी वाचवले. मीर तकी मीर यांनी अठराव्या शतकात 'निकातुश्शुअरा' लिहून ठेवला नसता, तर कित्येकांचे नावही उरले नसते. इंटरनेटवरील कृतींनाही असाच तजकिरा हवा. कृती कशी दिसत होती, कोण ती वापरत होते, पाहणारा कोठे हसला आणि कोठे थांबला, हे साध्या भाषेत लिहून ठेवणे.

निष्कर्ष

१. यंत्राने एकसारखी केलेली वस्तू लोक आपल्या श्रद्धेने व हौसेने वेगळी करून घेतात. इंटरनेटवरील कला या प्रक्रियेकडे आदराने पाहते तेव्हाच ती लोकप्रिय संस्कृतीचे खरे प्रतिबिंब ठरते.

२. 'सेंटिमेंट एक्सप्रेस' मध्यस्थाचा श्रम दाखवते, पण श्रमिकाला अनामिक ठेवते. 'ब्लेस्ड बँडविड्थ'चा अर्थ 'ब्लेम'च्या सोबतीनेच पूर्ण होतो.

३. 'आर-पार'ने तारेचा उपयोग वाट म्हणून केला आणि कला रस्त्यावर उतरवली. महाविद्यालयीन पातळीवर अनुकरण करण्याजोगा हाच नमुना आहे.

४. अशा कृतींची नोंद ठेवण्याचे काम ग्रंथालये व भाषा विभागांनी अंगावर घेतले पाहिजे.

चौथ्या मुद्द्याची सुरुवात आमच्या वर्गात झाली आहे. गालिबच्या नावाने आलेले चित्र आता बाजूला सारले जात नाही. विद्यार्थी ते वहीत नोंदवतात : चित्रात काय आहे, कोणत्या तारखेला आले, शेर कोणाचा निघाला. खोट्या गालिबच्या त्या वहीत काही ओळी अशा आहेत की त्यांचा कर्ता सापडतच नाही. त्यांच्यासमोर मुले 'नामालूम' असे लिहितात. एका मुलीने त्या शब्दापुढे आपल्या हाताने 'अल्लाह त्याला सुखी ठेवो' एवढे जोडले आहे. ते खोडण्याचे मी टाळले.